जुन्या ग्राहकाचीच व्हाउचरवर बोळवण

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री,
सप्रेम नमस्कार.

गेली अकरा वर्षे मी शक्यतो एकाच कंपनीच्या विमानाने प्रवास करतो. मागच्या खेपेला त्यांनी उड्डाण रद्द केले. काउंटरवरून गोड आवाजात सांगण्यात आले, "तुम्ही आमचे जुने ग्राहक, तुम्हाला लगेच व्हाउचर देतो." मुदत सहा महिने. पैसेही परत मिळू शकतात, हे मी खोदून विचारल्यावर कळले.

पहिल्यांदाच आलेला प्रवासी भांडून पैसे घेतो आणि दुसरीकडे जातो. जुना प्रवासी संकोचतो. शिवाय तो पुन्हा येणार हे कंपनीला ठाऊक असते. म्हणून व्हाउचर त्याच्याच गळ्यात मारणे सर्वांत सोपे. निष्ठेचे हे बक्षीस!

या निष्ठेचे मोल कंपन्यांना कळत नाही असे नाही. अमेरिकन एअरलाइन्सने २०२१ मध्ये आपली माइल्सची (नेहमीच्या प्रवाशांना मिळणाऱ्या, तिकिटासाठी वापरता येणाऱ्या गुणांची) योजना तारण ठेवून १० अब्ज डॉलर उभे केले. आमचे वारंवार येणे कर्जाला तारण म्हणून चालते, मग परताव्याच्या वेळी हात आखडता का?

मी स्वतः तिकीट रद्द केले तर कंपनीने पैसे कापावेत, माझी तक्रार नाही. स्वस्तातले, परतावा नसलेले तिकीट मी समजूनउमजून घेतलेले असते. प्रश्न कंपनीने उड्डाण रद्द केल्यावरचा आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार अशा वेळी सात दिवसांत पैसे परत करावे लागतात आणि व्हाउचर द्यायचे तर प्रवाशाची लेखी संमती लागते. अमेरिकेत २०२४ पासून, प्रवाशाने पर्यायी विमान किंवा व्हाउचर स्वीकारले नसेल, तर अर्ज न करताच परतावा द्यावा लागतो: क्रेडिट कार्डवर सात कामकाजाच्या दिवसांत, इतर मार्गांनी वीस दिवसांत. माइल्स वापरले असतील तर माइल्स परत. तिकीट एजंटकडून घेतले असेल, तर कार्डाच्या हिशेबात पैसे घेणारा म्हणून ज्याचे नाव, त्याने पैसे परत द्यायचे. कंपनी आणि एजंट यांच्यातली टोलवाटोलवी तिथे या एका वाक्याने संपते.

कंपन्या म्हणतील, जुन्या ग्राहकांना आम्ही सवलत देतोच. देतात, पण मर्जीने. सोनेरी कार्डवाल्याला फोनवर पैसे मिळतात, बाकीचे ईमेल पाठवत बसतात. हक्काचे पैसे सर्वांना सारख्याच वेळेत मिळू देत. त्यावर कोणाला जादा माइल्स द्यायचे, कोणाला लाउंजमध्ये बसवायचे, ते कंपनीने खुशाल ठरवावे.

नियमात एवढे घालाच: परतावा आपोआप, व्हाउचर फक्त लेखी संमतीने, आणि रद्द झालेल्या तिकिटाचे माइल्स परत देताना त्यांची मुदत नव्याने सुरू. मला परत मिळालेले माइल्स खात्यात जमा झाले तेव्हा कालबाह्य होऊन नऊ दिवस उलटले होते.

आपला,
एक नेहमीचा विमानप्रवासी