कोंडाईबारी घाटात माझ्या मागे चाललेल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशीची दुपार. सुरतला भाजी उतरवून रिकामे क्रेट घेऊन साक्रीकडे निघालेली तुमची पिकअप, वर निळी ताडपत्री. एवढ्या खुणेवर तुमच्या ओळखीचं कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवेल, अशी आशा आहे.

सुरतहून खानदेशात येणारे आम्ही सगळे टाकी गुजरातच्या हद्दीतच भरतो, तिकडे पेट्रोल स्वस्त म्हणून. त्या दिवशी धाकटीला उलट्या होत होत्या, तिचं करता करता नवापूर मागे पडलं. पुढच्या एका पंपावर दोरी बांधलेली. विसरवाडी सुटली, पिवळा दिवा लागला आणि घाटात ट्रकांची ही रांग. स्क्रीनवर आधी ३८ किलोमीटर होते, चढाला १९ झाले, मग नुसत्या रेघा. मागे दोन लेकरं, बाहेर वैशाखाचं ऊन. मी गाडी कडेला घेतली आणि हातपाय गळाले.

तुम्ही थांबलात. "आखाजीले माहेरले जाई ऱ्हायनी का, बहीन?" एवढंच विचारलंत. अहिराणी कानावर पडली आणि मला रडूच फुटलं.

तुमची गाडी डिझेलची, द्यायला पेट्रोल नव्हतं. हळहळून निघून गेला असतात तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण तुम्ही खिडकीतून वाकून काटा बघितलात. चढावर पेट्रोल टाकीत मागे सरकतं, काट्यावर जाऊ नको म्हणालात. एसी बंद करायला लावलात, काचा खाली. पाय हलका ठेव, मध्येच रेस देऊ नको. आणि उतार लागला की न्यूट्रल करायचं नाही! आमच्या घरी तर उतारावर न्यूट्रल म्हणजेच बचत, असं लहानपणापासून ऐकलेलं. तुम्ही समजावलंत की आताच्या गाड्यांत गिअर असताना पाय काढला की इंजिनाला जाणारं पेट्रोल थांबतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं, वर सगळा भार ब्रेकवर.

मग म्हणालात, "चाल, मी मांगे शे ना."

दादा, ते वाक्य मला जन्मभर पुरेल. घरी तुमची वाट बघत असतील, तरी तुम्ही माझ्या चालीने चाललात. आरशात तुमचे दोन्ही इंडिकेटर लुकलुकत होते आणि मागचे ट्रक तुम्हाला वळसा घालून जात होते. मोठा लेक दर मिनिटाला मागे वळून सांगायचा, "मामा आहेत गं."

पंपावर ३५ लिटरच्या टाकीत ३४ लिटर मावलं. पैसे देऊन वळते तोवर तुम्ही दोनदा हॉर्न वाजवून निघूनही गेला होतात. पाणीसुद्धा विचारता आलं नाही, ते मनाला लागून राहिलंय.

अमळनेरच्या मेकॅनिकने नंतर सांगितलं, पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच गार राहतो. टाकी कोरडी होईस्तोवर चालवली की तो तापून जातो. आता पाव टाकी उरली की मी भरूनच घेते.

आई दर आखाजीला खापराच्या पुरणपोळ्या करते, सोबत आमरस. पुढच्या आखाजीला वहिनींना घेऊन अमळनेरला या. तुमचं ताट मांडलेलं असेल.

तुमची,
घाटातली बहीण