जुने रुपये घासू नका हो

संपादक साहेब, नमस्कार.

लक्ष्मीपूजनाच्या आधी तुमच्या पुरवणीत टूथपेस्ट आणि खायच्या सोड्यानं चांदीची नाणी चकाचक करायची टिप आली होती, ती वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. हा उद्योग आमच्याच घरात झालेला आहे.

आमच्याकडं मराठवाड्यात निजामाच्या काळात दोन रुपये चालायचे, हाली आणि कलदार. हालीवर चारमिनार, कलदारवर इंग्रजांचा राजा, आणि कलदारमधे चांदी जास्त म्हणून सात हालीला सहा कलदार असा हिशेब. आजीच्या गाठोड्यात दोन्ही निघाले, त्यात एक 1911 चा पंचम जॉर्जचा. त्याच्या झग्यावर बारीक हत्ती आहे, पण सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला, बोंबाबोंब झाली आणि सरकारनं तो रुपया मागं घेतला, 1912 पासून हत्ती नीट काढला. म्हणून 1911 च्या रुपयामागं लोक लागतात. आमचा काळपट पडलेला होता. वडिलांनी पूजेसाठी तो पेस्टनं असा घासला की आता हत्ती पण नाही आणि डुक्कर पण नाही.

नंतर मी हौसेनं एका एजंटामार्फत तो ग्रेडिंगला, म्हणजे नाणं तपासून त्याच्या स्थितीला आकडा देतात तिथं, पाठवला. तिथं 1 ते 70 असा स्केल असतो, 60 आणि त्याच्या वर म्हणजे न वापरलेलं नाणं. आमच्या रुपयाला आकडाच नाही मिळाला, नुसतं 'क्लीन्ड', म्हणजे घासलेलं, असं लिहून डबीत बंद होऊन परत आला, फी गेली ती वेगळीच. कारण असं की टाकसाळीत ठसा बसताना धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, त्याच्या बारीक रेषा राहतात आणि नाणं फिरवलं की त्यावरून चमक चाकासारखी फिरते. घासलं की त्या रेषा जातात आणि नुसते ओरखडे उरतात, ते भिंगातून लगेच दिसतात. वरचा काळा थर मात्र हवेतल्या गंधकानं येतो, त्यानं नाण्याचं काही बिघडत नाही, उलट एकसारखा आलेला असला तर लोक जास्त पैसे देतात.

सोन्याचं तर अजून अवघड, मऊ धातू. गिनी, म्हणजे इंग्रजांचं सॉव्हरिन नाणं, 7.98 ग्रॅम, 22 कॅरेट, आणि 1918 साली ती मुंबईच्या टाकसाळीत पण पाडली, त्याची खूण म्हणून सालाच्या वर बारीक 'आय' बघा. घासून घासून तोच गेला तर मुंबईची कशावरून म्हणणार? गळ्यात घालायला कडी झाळली असेल तर तेही ग्रेडिंगवाले पकडतात, कडी काढली तरी झाळ दिसतेच. आजीच्या माळेतल्या एका पुतळीची तीच गत. इटलीतल्या व्हेनिसचं नाणं ते, साडेतीन ग्रॅम जवळपास शुद्ध सोनं, कुठून कुठं आलं बघा, आणि आमच्या सराफानं वजन केलं, घट कापली आणि मोडीचा भाव सांगितला. त्याचं पण काय चुकलं म्हणा, तो वजनच बघणार.

तेव्हा पुढच्या दिवाळीला ती टिप परत छापू नका ही विनंती. नाणं कडेनं धरायचं, सुती कापडात किंवा कागदी पाकिटात ठेवायचं, मऊ पीव्हीसीच्या पिशवीत नको, त्यानं हिरवा चिकट थर धरतो. आणि पूजेला चकचकीतच पाहिजे असेल तर सराफ्यातून लक्ष्मीचं नवं नाणं आणा, ते पाहिजे तेवढं घासा.

आपला एक वाचक,
सेलू, जि. परभणी