टिलबर्गच्या ग्रंथालयातील वहिनींना जाहीर आभारपत्र

आदरणीय वहिनी,

सादर नमस्कार.

नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्या माणसाच्या दारात करखात्याचा निळा लिफाफा पडला की त्याची कशी तारांबळ उडते, हे आपण पुरेपूर जाणता. मला डच येत नव्हते, डिजिडी (सरकारी संकेतस्थळांवर ओळख पटवून देणारे) खाते नव्हते, आणि पगाराचे कागद सहकाऱ्यांपुढे पसरण्याचा संकोच होता. अशा वेळी आपण ग्रंथालयाच्या मदतकक्षात स्वयंसेविका म्हणून भेटलात. आपण अर्ज भरून दिला नाहीत, तर प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत सांगून तो माझ्याकडूनच भरून घेतलात. त्यामुळे पुढचे लिफाफे मी स्वतः हाताळू शकलो, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

काम उरकल्यावर आपण ती वास्तू दाखवलीत, त्याचेही आभार मानले पाहिजेत. १९३२ साली रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीसाठी बांधलेली ही लॉकहाल नावाची शेड पाडून टाकणे सोपे होते. परंतु तिचे पोलादी खांब आणि जमिनीतले रूळ राखून २०१९ मध्ये तेथे ग्रंथालय उघडण्यात आले, आणि त्याच छताखाली कलासंस्था व सामायिक कार्यालयही आले. जुन्या रुळांवरून चाकांची प्रचंड टेबले सरकतात, हे पाहून मी लहान मुलासारखा हरखलो होतो. एवढी उंच जागा सगळीच्या सगळी तापवत न बसता माणसे जेथे बसतात तेवढ्याच भागात ऊब देण्याची योजना मला विशेष शहाणपणाची वाटली. (पूर्ण शांततेत वाचणाऱ्यांना तेथील वर्दळ मानवेल का, याविषयी मात्र मी साशंक आहे.)

सर्वांत जास्त वेळ आपण पडद्यांपाशी थांबलात. छतापासून खाली सोडलेले, सुमारे १५ मीटर उंचीचे ते सहा पडदे डच रचनाकार पेत्रा ब्लेस यांच्या संस्थेने शहरातील वस्त्रसंग्रहालयाच्या सहकार्याने साकारले. ते सरकवले की मोकळ्या दालनात हवी तेव्हा सभेची खोली तयार होते. टिलबर्ग हे एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांचे गाव होते, हे आपण सांगितलेत तेव्हा इचलकरंजीत वाढलेल्या मला त्या कापडाची वीण बोटांनी चाचपून पाहिल्यावाचून राहवले नाही.

आई येत्या उन्हाळ्यात येत आहे. तिने मागासाठी सुताच्या कांड्या भरून आम्हाला शिकवले. विणीबद्दल ती माझ्याहून नेमके प्रश्न विचारील, तेव्हा त्या दिवशी आपण सोबत असावे, अशी नम्र विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
मदतकक्षातील एक अर्जदार