गायकाबरोबर वाजवणाऱ्यांचीही नावं छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘द स्टूजेस’ या अमेरिकन रॉक बँडच्या ‘फन हाऊस’ या दुसऱ्या अल्बमवर अर्धं पान वाचायला मिळालं. सांगलीत बसून गॅरेज पंकवर, म्हणजे असल्या कच्च्या, खडबडीत रॉकवर मराठीत एवढं वाचता आलं, याचा मनापासून आनंद झाला. पण अख्ख्या लेखात नाव एकट्या गायकाचं, इगी पॉपचं. बाकीचे सगळे नुसते ‘सहकारी’. हा अल्बम ज्यांनी उभा केला त्यांच्यावर हा अन्याय आहे, म्हणून हे पत्र.

मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या या पोरांचा पहिला अल्बम १९६९ चा. दुसरा मे १९७० मध्ये लॉस एंजेलिसला रेकॉर्ड झाला. निर्माता डॉन गलुची याने त्यांना स्टेजवर वाजवतात तसं सगळ्यांना एकत्र वाजवायला लावलं. ‘डर्ट’ हे सात मिनिटांचं संथ गाणं एकदा हेडफोन लावून ऐकाच. ते पेललंय डेव्ह अलेक्झांडरच्या बेसने, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारने. स्कॉट ॲशटनचा ड्रम त्याला धरून चालतो, त्याचा भाऊ रॉन गिटारने मधूनच ओरखडा काढून जातो, पण बेस आपली जागा सोडत नाही. इगीला एवढं मोकळं गाता येतं ते त्या जिवावर. पुढे रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला स्टीव्ह मकायचा सॅक्सोफोन शिरतो. रेकॉर्डिंगच्या जरासं आधी बँडमध्ये घेतलेला माणूस, पण शेवटच्या तीन गाण्यांचा रंगच तो पालटून टाकतो. पहिल्या अल्बममध्ये असलं काही नव्हतं.

अल्बम जुलैत आला आणि ऑगस्टमध्ये अलेक्झांडरला काढलं. मिशिगनमधल्याच गूस लेकच्या संगीत महोत्सवात तो नशेत एवढा बुडालेला होता की एक सूरही वाजवला नाही, असं पुढे पन्नास वर्षं सांगितलं गेलं. २०२० मध्ये त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं. त्यात बेस वाजतोय! पण हे ऐकायला अलेक्झांडर कुठे होता? तो १९७५ मध्येच, सत्ताविसाव्या वर्षी गेला. मकायलाही १९७० संपायच्या आत निरोप मिळाला होता. १९७३ चा तिसरा अल्बम निघाला तो ‘इगी अँड द स्टूजेस’ या नावाने, आणि रॉन गिटार सोडून बेसवर गेला. मला तिसराही आवडतो, पण तो बँड वेगळा आहे. माणसं बदलली की वाजणं बदलतं. ती कोण होती हे वाचकाला कळलं नाही, तर दुसरा अल्बम असा का आणि तिसरा तसा का, हे त्याला कसं उमगणार?

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? कवलापूरच्या काळू-बाळूंच्या तमाशाच्या फडाने महाराष्ट्र हसवला. त्या फडाचा ढोलकीवाला कोण, हे आज सांगलीत किती जण सांगतील?

कुपवाड एमआयडीसीतल्या एका बंद शेडमध्ये आमच्या गल्लीतली चार मुलं असलंच संगीत वाजवतात. आवाज बाहेर जाऊन कुणाला त्रास नको म्हणून मंडपवाल्याकडच्या जुन्या सतरंज्या त्यांनी भिंतींना टांगल्यात. पहिल्या रेकॉर्डिंगनंतर बेसवाला नोकरीसाठी पुण्याला गेला. इथल्या प्रत्येक बँडचं हेच होतं, कॉलेज संपलं की निम्मा बँड पुण्याच्या गाडीत. आता बेसवर तासगावचा मुलगा आहे. तो बोटांनी न वाजवता पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीने वाजवतो, त्यामुळे तीच गाणी जास्त टोकदार झालीत. जुनं वाजणं मला अधिक भावायचं, पण नवीन ऐकताना अंगावर काटा येतो हेही खरं. मागे एका दैनिकात त्यांचा फोटो आला होता, खाली फक्त गायकाचं नाव ‘व सहकारी’. ड्रमवाल्याच्या आईने ते कात्रण तरीही जपून ठेवलंय.

याच मुलांचं दुसरं रेकॉर्डिंग आता पुरं होत आलंय. आपण बातमी द्याल तेव्हा प्रतिनिधीला एवढंच सांगा की चौघांची नावं आणि कोण काय वाजवतो ते लिहून घ्यावं. पुण्याला गेलेल्याचंही नाव घ्यावं, कारण दोन गाण्यांतला बेस त्यानेच बसवलेला आहे.

आपला,
एक नियमित वाचक
विश्रामबाग, सांगली