पाच मजल्यांची धाप

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, दि. 16 मार्च 2025

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, आम्ही सगळे खुशाल आहोत. फोन रोज होतो हे खरं, पण फोनवर तुम्ही "जेवलीस का", "थंडी आहे का" विचारता आणि तिसऱ्या मिनिटाला "बरं, ठेवू?" म्हणता. तेवढ्यात अख्खं नाटक कसं सांगणार? शिवाय एक गोष्ट फोनवर काढायला माझी जीभ रेटली नाही. ती पुढे लिहिते.

तर आमचं नाटक काल संपलं. सहा प्रयोग झाले. "आमचं" म्हणायला मी त्यात नट नव्हते, बर्फ होते. हसू नका, खरंच सांगते.

अकाउंटिंगच्या अभ्यासक्रमासाठी मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात जाते, हे तुम्हाला माहीत आहेच. दादाला अजून वाटतं की मी शिवणक्लाससारखं काहीतरी करते, म्हणून जरा नीट सांगते. ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं. 1962 साली न्यू जर्सीने कायदा करून जिल्ह्याजिल्ह्यात ती काढायची वाट मोकळी केली. फी कमी, वयाची अट नाही, वर्ग संध्याकाळीही भरतात. दोन वर्षं झाली की रटगर्ससारख्या मोठ्या विद्यापीठात वरच्या वर्गात जाता येतं. माझ्या बाकावर एकीकडे अठरा वर्षांचा पोरगा आणि दुसरीकडे नातवंडं असलेली नर्स. पदवीसाठी एक विषय कलेचा घ्यावाच लागतो. चित्रकलेचा वर्ग भरलेला होता, रिकामा होता तो नेपथ्य आणि रंगमंचव्यवस्थेचा. सांगलीची पोरगी, भावे नाट्यमंदिराच्या विंगेत लहानाची मोठी झालेली. मी म्हटलं, हे तर आपलं घरचंच.

नाटक होतं नील सायमन यांचं 'बेअरफूट इन द पार्क', म्हणजे बागेत अनवाणी. 23 ऑक्टोबर 1963 ला न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर पहिला प्रयोग, आणि बंद झालं ते जून 1967 मध्ये, 1530 प्रयोगांनंतर. नवरा झाला होता रॉबर्ट रेडफर्ड, तोच तो सिनेमातला, आईला आवडायचा तो. दिग्दर्शक माइक निकोल्स. सायमन यांनी स्वतःच्या पहिल्या संसारावरून ते लिहिलं म्हणतात. ज्या थिएटरात ते झालं, ते 47 व्या रस्त्यावर अजून आहे, नाव तेवढं बदललंय. मी मुद्दाम जाऊन बाहेरून बघून आले. नाटकातलं घर 48 व्या रस्त्यावर, पण शहराच्या पूर्व अंगाला. प्रेक्षक नाटक सुटल्यावर चालत निघाले तर अर्ध्या तासात नायिकेच्या दारात पोचतील.

गोष्ट एवढीशी. लग्नाला सहा दिवस झालेलं जोडपं. तो नवखा वकील, सरळ नाकासमोर चालणारा. ती उधाणाचं वारं. तिने घर घेतलंय जुन्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फेब्रुवारीचा महिना, सामान आलेलं नाही, गरम हवेचं यंत्र चालत नाही, न्हाणीघरात टब नाही आणि छपराच्या काचेला भोक. वरच्या माळ्यावर एक रंगेल म्हातारा राहतो, तो स्वतःच्या घरी जायला यांच्या झोपायच्या खोलीतल्या खिडकीचा वापर करतो. मुलीची आई एकटी राहते, आणि कुठे माहीत आहे? न्यू जर्सीत! या वाक्याला आमच्याकडे रोज हशा. मुलगी आईचं त्या म्हाताऱ्याशी जमवायला बघते, आणि त्या नादात नवरा-बायकोचंच फाटतं. का, तर कडाक्याच्या थंडीत, उणे आठ अंशांत, नवरा बागेत अनवाणी चालायला नाही म्हणाला. आपल्याला हे भांडण पचायला जरा जड. आपल्याकडे अनवाणी म्हटलं की वारी नाहीतर नवस. इथे अनवाणी म्हणजे धुंदी. पण संशयकल्लोळात तरी काय असतं? एका तसबिरीपायी अख्खा संसार टांगणीला. आणि हरिपूरच्या देवलांनी तरी ते मोलिएरच्या गोष्टीवरूनच बेतलं ना? तुम्हीच सांगितलेलं.

या नाटकातला खरा विनोद मात्र जिन्याचा आहे. जो दारातून येतो तो पाच मजले चढून येतो. फोन बसवणारा येतो, धापा टाकत. सामान पोचवणारा येतो. त्याला तर बोलताच येत नाही, नुसता भात्यासारखा वाजतो. नवरा येतो, कोसळतो. आई येते, तिला आधी खुर्ची लागते. जिना प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. तो सगळा नटांच्या छातीत.

पहिल्या तालमींत सगळ्यांची धाप एकसारखी आणि खोटी. आमच्या दिग्दर्शक बाई उठल्या, आणि साऱ्या नटांना घेऊन कॉलेजच्या पार्किंगच्या इमारतीत गेल्या. पाच मजले भरतील इतक्या वेळा जिने वरखाली करायला लावले, आणि वर पोचल्यावर प्रत्येकाला आपापलं पहिलं वाक्य म्हणायला सांगितलं. ते फोनवर रेकॉर्ड केलं. मग आम्ही सगळे जमिनीवर बसून ऐकत होतो. नाना, अख्ख्या सेमिस्टरमध्ये मी जे शिकले ते त्या अर्ध्या तासात. खोटी धाप वाक्य संपल्यावर लागते. माणूस आधी सगळं नीट बोलतो आणि मग हाशहुश करतो. खरी धाप वाक्याच्या मधे घुसते. शब्द नको तिथे तुटतो. आणि ज्याला धाप लपवायची असते, तो वाक्यंच छोटी करतो.

नवरा झालेला मुलगा रात्री गोदामात खोकी उचलतो आणि दिवसा कॉलेज करतो. त्याला धापेचा अभिनय शिकवावा लागला नाही, उलट कमी कर म्हणावं लागलं. फोनवाला झालेला पोरगा एकोणीस वर्षांचा. त्याच्या हातात गोल तबकडीचा जुना फोन दिला, तर तो भोकांतल्या आकड्यांवर बोट दाबत बसला! तबकडी फिरवून सोडायची असते, हे त्याला मी शिकवलं. आपल्या काळ्या फोनला कुलूप असायचं, हे सांगितल्यावर तो किती तरी वेळ माझ्याकडे बघत होता.

आता माझं बर्फ. तिसऱ्या अंकाआधी भांडण होतं, नवरा सोफ्यावर झोपतो, आणि काचेच्या भोकातून त्याच्या अंगावर बर्फ पडतो. त्यासाठी वर, दिव्यांच्या दांडीच्या मागे एक लांब कापडाची झोळी बांधलेली, तिला चिरा पाडलेल्या. आत कागदाचे बारीक कपटे, आग न धरणारे. दोरी विंगेत माझ्या हातात. हलकेच झुलवली तर भुरभुर पडतो. जोरात ओढली तर ढीग कोसळतो, रंगीत तालमीला कोसळला तसा. बिचाऱ्याच्या तोंडात गेला. प्रयोगानंतर तोच बर्फ झाडून परत भरायचा, पण त्यात खिळे, टाचण्या, केस सगळं येतं. मग मी घरून सांगलीची रव्याची चाळणी नेली आणि रोज रात्री अकरा वाजता बर्फ चाळला. कॉलेजभर आता माझी तीच ओळख.

इथल्या पद्धती तुम्हाला ऐकायला आवडतील. सेन्सॉर नाही. तुम्ही प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरून स्पर्धेला निघायचात, तसला प्रकार इथे नाही. पण परवाना देणाऱ्या कंपनीला दर प्रयोगाचे पैसे मोजायचे, आणि संहितेतला शब्द परस्पर बदलायचा नाही. नारळ नाही, नटराज नाही. शुभेच्छा म्हणून "पाय मोडो" म्हणतात! तीन घंटांऐवजी स्टेज मॅनेजर मुलगी हाक देते, "पाच मिनिटं", आणि सगळ्यांनी "थँक यू, पाच" असं उलट ओरडायचं, म्हणजे ऐकलं हे तिला कळतं. रात्री सगळे गेले की रंगमंचाच्या मधोमध उंच दांडीवर एक दिवा जळत ठेवतात. अंधारात कोणी खड्ड्यात पडू नये म्हणून, असं म्हणतात. भुतांसाठी, असंही म्हणतात. मला तो देवघरातल्या समईसारखा वाटायचा. मध्यंतरात बटाटेवडा नाही, ही मात्र मोठीच उणीव. घरी केलेली बिस्किटं एका टेबलावर विकायला ठेवतात, तीही फार गोड.

आणि नाना, प्रॉम्प्टर नाही! तालमीत एका ठरावीक तारखेपर्यंत नटाने "लाइन!" म्हटलं की सांगतात. त्यानंतर वही बंद. प्रयोगात कुणी विसरलं तर समोरच्याने सांभाळून घ्यायचं. मला हे इतकं क्रूर वाटलं की काय सांगू. तुम्ही विंगेत स्टुलावर बसलेले, मांडीवर वही, हातात कागद गुंडाळलेली बॅटरी, हेच माझ्या डोळ्यांपुढे. तुम्ही म्हणायचात, डोळे वहीवर आणि कान नटाच्या नाकावर ठेवायचे. थांबलाय की अडकलाय हे श्वासावरून कळतं. थांबलेला श्वास घेतो, अडकलेला धरून ठेवतो.

दुसऱ्या प्रयोगाला मी नको तो शहाणपणा केला. दुसऱ्या अंकातलं मोठं भांडण रंगात आलेलं. मी दोरीपाशी उभी. नवरा वाक्याच्या तोंडाशी येऊन गप्प झाला. एक क्षण, दोन क्षण. श्वासाचा आवाज नाही. माझ्या पोटात गोळा आला, आणि काही कळायच्या आत माझ्या तोंडून पहिले दोन शब्द गेले. तुमच्यासारखेच, दातांच्या फटीतून, फक्त दोन. त्याने मान किंचित वळवली, मग वाक्य म्हटलं, भांडण पुढे गेलं. मी मनात म्हटलं, वाचवलं पोराला.

प्रयोग संपल्यावर स्टेज मॅनेजर माझ्याजवळ आली. बावीस वर्षांची असेल. खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, तो विसरला नव्हता. ती जागा तो आणि दिग्दर्शक बाई चार दिवस घोटत होते. चिडलेला माणूस तोंडातला शब्द गिळतो, ती जागा होती, आणि मी तिच्यावर पाय दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलाची माफी मागितली, तर तो हसून म्हणाला, "मला वाटलं माझ्या डोक्यातलाच आवाज आहे." पुढचे चारही प्रयोग त्या जागी मी दोरी दातात धरायचीच काय ती बाकी होती. तो थांबायचा, सगळं थिएटर थांबायचं. शुक्रवारी तर तो इतका थांबला की समोरची एक म्हातारी बाई "अरे, बोल की!" अशा अर्थाचं काहीतरी मोठ्याने म्हणाली. हशा झाला आणि तो तसाच थांबून राहिला. नाना, तुम्हाला आवडला असता तो मुलगा.

म्हणजे इंग्रजी श्वास मला अजून कळत नाही. पंधरा वर्षं झाली इथे येऊन, हिशेब कळतात, विनोद कळतात, श्वास कळत नाही.

पण तुमचा कळतो. आता ती गोष्ट.

गेल्या रविवारी, तुमच्या रात्री नऊ वाजता, मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, आत्ता सहज गॅलरीत बसलोय. मग म्हणालात, "जेवलीस", आणि "का" मागाहून आलं. नंतरची सगळी वाक्यं दोन-दोन शब्दांची. तुम्ही गॅलरीत बसलेले नव्हतात, खालून तीन मजले चढून नुकते आत आला होतात. बुधवारीही तेच. दिवाळीपासून बंद पडलेली लिफ्ट "सुरू झाली" असं तुम्ही मला संक्रांतीला सांगितलंत. वहिनी परवा बोलता बोलता म्हणून गेली की अजून सोसायटीची मीटिंगच झालेली नाही. दादाला तुम्ही काय सांगितलंय ते मी विचारलं नाही, पण अंदाज आहे.

रागवत नाही. आई असती तर तिने अर्ध्या वाक्यात पकडलं असतं, मला पार्किंगचे जिने बघावे लागले. तरी तीन कामं करा. डॉक्टरांकडे जाऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घ्या, आणि ती दादाला पाठवा, मला नको. मी बघून नुसती घाबरेन. दूध आणि भाजी वर आणून द्यायला वॉचमनच्या मुलाला सांगा, पैसे मी दादाकडे पाठवते. आणि आपली लोखंडी खुर्ची दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ठेवा. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. नाटकातली आईसुद्धा वर आल्यावर आधी बसायला मागते, आणि तिला टाळ्या मिळतात.

पाडव्याला फोन करेन. आमची घड्याळं गेल्या आठवड्यात एक तास पुढे गेली, म्हणजे आता साडेनऊ तासांचंच अंतर. फोन उचलायची घाई करू नका, आधी बसा. मी वाजू देईन.

दादा, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली,
बेबी

ता. क. चाळणी परत आणून तीन वेळा धुतली. तरी आज सकाळच्या उपम्यात बर्फाचा एक कपटा निघाला. जावयांनी तो बाजूला काढून ठेवला आणि काही बोलले नाहीत. थांबले होते की अडकले होते, कोण जाणे.