दात पिवळा दिसतो म्हणून घासत सुटू नका

मा. संपादक, स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आईची हलणारी दाढ काढली. आई चाळीस वर्षं मशेरी लावतेय, आधी तव्यावर स्वतः भाजायची, आता डबी आणते, त्याशिवाय परसाकडंला होत नाही म्हणते. डॉक्टरबाईंनी दाढ कापसावर ठेवून दाखवली तर हिरडीजवळच्या बाजूला कुऱ्हाडीनं घाव घातल्यासारखी खाच, वरचं पांढरं इनॅमल तिथं संपलेलं आणि आत पिवळसर थर. आई म्हणाली, "बघ, घाण बसलीया, अजून घासाय पायजे हुतं." डॉक्टरबाई म्हणाल्या, आजी, घाण नव्हे, दात मुळात असाच असतो.

त्या थराला डेंटिन म्हणतात, दाताचा सगळ्यात मोठा भाग हाच, हत्तीचा सुळासुद्धा मुख्यतः याचाच. मला वाटायचं दात म्हणजे दगड, पण हा तर जिवंत आहे. आईच्या पोटात चौथ्या महिन्यातच दुधाच्या दातांचं डेंटिन धरायला लागतं. ओडोन्टोब्लास्ट नावाच्या पेशी रांगेत उभ्या राहून आधी कोलॅजनची मऊ जाळी विणतात, मग तिच्यात कॅल्शियम फॉस्फेटचे खडे भरत जातात, आणि पेशी मागं सरकताना आपली एक शेपटी तिथंच ठेवतात, तिच्याभोवती सगळं घट्ट झालं की बारीक नळी तयार. रोज जेमतेम 4 मायक्रॉन थर चढतो, म्हणजे एक मिलिमीटर व्हायला आठ महिने! उसाचं कांडं आडवं तोडल्यावर ठिपके दिसतात ना तसंच हे, फक्त दाताच्या गाभ्याजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये असल्या 45,000 च्या वर नळ्या असतात.

या नळ्यांत पाणी असतं. इनॅमल झिजून त्या उघड्या पडल्या की गार पाण्याचा घोट घेतला तरी आतलं पाणी हलतं आणि थेट नसेपर्यंत सणक जाते. आई वर्षभर सोलकढीला हात लावत नव्हती ती यामुळंच, आणि आम्ही आपलं वय झालं म्हणून सोडून दिलं, याचं फार वाईट वाटतं.

डेंटिनच्या पेशी जन्मभर आतून थोडा थोडा थर चढवत राहतात, इनॅमल करणाऱ्या पेशी मात्र दात उगवला की संपतात, त्यामुळं घासून घालवलेलं इनॅमल परत येत नाही. मशेरीत तंबाखू, ते तर वेगळंच संकट. पण कोळसा, मीठ, कडक ब्रश घेऊन जोर काढणारी शिकलेली पोरंही आमच्या पेठेत कमी नाहीत, सगळ्यांना दात पांढरेशुभ्र पाहिजेत.

म्हणून विनंती, आरोग्य पुरवणीत एकदा उभ्या कापलेल्या दाताचं चांगलं अर्धं पान भरेल एवढं रंगीत चित्र छापा. आईसारख्या बायका लेख वाचणार नाहीत, चित्र मात्र नक्की बघतील, मी ते कापून मशेरीच्या डबीशेजारी चिकटवणार आहे.

आपली,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर