शिल्लक लिहू दिली नाहीत, त्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या वर्कशॉपच्या सुट्या भागांसाठी तुम्ही डेटाबेस आखून दिलात, त्याबद्दल हे आभाराचं पत्र. ते उघड लिहितो आहोत. विदर्भात आर्वीपासून राळेगावपर्यंत पंप, थ्रेशर आणि ट्रॅक्टरची अवजारं दुरुस्त करणाऱ्या दुकानांत सामान बरंचसं सारखंच असतं आणि घोळही सारखाच. त्यातल्या कुणाला यातून काही उचलता आलं तर बरंच.

सगळ्यात मोठे आभार तुमच्या एका नकाराचे. 'भाग' टेबलात 'शिल्लक' नावाचा रकाना तुम्ही ठेवूच दिला नाहीत. ६२०५ नंबरच्या बेअरिंगपुढे ७ लिहिलेले आहेत आणि खणात ५ निघाले, तर उरलेले २ कुठे गेले हे त्या सातावरून कधीच कळत नाही. म्हणून 'हालचाल' हे एकच टेबल: तारीख, भागाचा क्रमांक, नग, कारण, बिलाचा किंवा जॉबकार्डाचा नंबर. आलेला माल अधिक, गेलेला उणे. शिल्लक हवी तेव्हा त्या भागाच्या सगळ्या ओळींची बेरीज करायची. चुकीची ओळ खोडायची नाही, उलट्या चिन्हाची दुसरी घालायची. मोजणीत फरक निघाला तर तोही 'मोजणी' या कारणाने ओळ होऊनच येतो.

आवक आणि जावक अशी दोन टेबलं का नकोत, हेही तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत. एका भागाच्या ३ आवकी आणि ४ जावकी असतील आणि दोन्ही टेबलं त्या भागाच्या क्रमांकावर जोडून बेरीज घेतली, तर ३ गुणिले ४ अशा १२ ओळी तयार होतात. आवक चौपट दिसते, जावक तिप्पट. चूक झाल्याचा कुठलाही संदेश येत नाही, आकडा मात्र खोटा असतो. तसंच दोन टेबलं जोडणाऱ्या साध्या जॉइनने यादी काढली तर ज्या भागाची अजून एकही हालचाल नाही तो यादीतून गायबच होतो, आणि तो तर एकही नग नसलेला, आधी मागवायचा भाग. पहिल्या टेबलातली प्रत्येक ओळ राखणारा लेफ्ट जॉइन लावून रिकाम्या बेरजेच्या जागी कोअलेस या फंक्शनने शून्य घातलंत, म्हणून तो दिसतो.

दुसरे आभार नावांच्या टेबलाचे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत मांडायची पद्धत, मांडलं, तेव्हा भर होता तो माहिती डिस्कवर कुठे, कशी ठेवली आहे याच्याशी वापरणाऱ्याला देणंघेणं नसावं यावर. आमच्या काउंटरवर अडचण त्याच्याही अलीकडची, नावाची. एकच वस्तू कुणी वॉशर म्हणतं, कुणी वायसर. कुणी बेल्ट मागतं, कुणी पट्टा. तुम्ही भागाला अर्थ नसलेला साधा क्रमांक दिलात आणि 'नावं' टेबलात त्याच क्रमांकापुढे हवी तेवढी नावं लिहायची सोय केलीत. कंपनीने आपला पार्ट नंबर बदलला तरी आता जुनी हालचाल तुटत नाही.

यात मराठीपुरता एक खड्डा आहे. 'डवऱ्याची फास' हे नाव पडद्यावर एकसारखं दिसलं तरी आतून वेगवेगळं असू शकतं. एका कीबोर्डवर ऱ हे एकच अक्षर असतं, दुसऱ्यावर र आणि खाली नुक्ता अशी दोन, तिसऱ्यावर र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. आपला डेटाबेस ज्यावर चालतो ते एसक्यूलाइट ही रूपं आपणहून एक करत नाही. त्यामुळे तेच नाव दुसऱ्यांदा घेऊ न देणारी युनिकची अट असूनही एकच नाव तीनदा बसतं आणि शोधताना एकदाच सापडतं. नोंदीच्या आधी सगळी रूपं एका साच्यात आणणारी छोटी पायरी तुम्ही घातलीत. आकड्यांचंही तेच. मराठी कीबोर्डवरचा ६२०५ आणि इंग्रजी आकड्यांतला 6205 संगणकाला दोन वेगळे मजकूर वाटतात. म्हणून पार्ट नंबरात फक्त इंग्रजी कॅपिटल अक्षरं, इंग्रजी आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालेल, अशी चेकची अट. हा रकाना आकड्याचा न करता मजकुराचा ठेवलात, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळून पडली असती.

बेअरिंगसाठी मापांचं वेगळं टेबल ही आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट. थ्रेशरमधून निघालेल्या बेअरिंगवरचा नंबर बहुतेक वेळा घासून गेलेला असतो. व्हर्नियर लावून आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिलिमीटर भरली की ६२०५ समोर येतो. २०, ४७, १४ असेल तर ६२०४. पण माप जुळलं म्हणजे भाग जुळला असं नाही. नंबरापुढे झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणं असतात, टूआरएस असेल तर रबरी सील. सोयाबीनच्या भुशात झेडझेड घातला तर बारीक धूळ आत शिरते आणि ग्रीस खराब होतं. म्हणून दोघांचे क्रमांक वेगळे, माप तेवढं एक. बोल्टांतही हेच: एम१० चे १.५ आणि १.२५ पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) बोल्ट हातात घेतले तर सारखेच वाटतात, पण चुकीचा बोल्ट जोर लावून फिरवला की आटे गेले. पिचचा रकाना नॉट नल केलात, त्यामुळे पिच न लिहिता बोल्ट चढवताच येत नाही.

पुरवठादार आणि भाग यांच्यामधलं 'दर' टेबल साधं आहे, पण त्यातला 'एका पॅकेटात किती' हा रकाना फार कामाचा. नट १०० च्या पॅकेटात येतात आणि सुटे जातात. बिलावरचा १ तसाच चढवला तर १०० नट आले असताना १ दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी शिल्लक उणे. उणे शिल्लक तुम्ही अट घालून अडवली नाहीत, फक्त लाल दाखवलीत. हेच बरोबर होतं. बिल चढवायच्या आधी भाग यंत्रात बसतो, हे हंगामात होणारच. दर पैशांत, पूर्णांकात. दशांशात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज संगणकात नेमकी ०.३ येत नाही.

एसक्यूलाइटच्या दोन सवयी इतरांसाठी मुद्दाम लिहितो. फॉरेन कीची, म्हणजे नोंदीतला भाग 'भाग' टेबलात आहे का याची, तपासणी तिथे मुळात बंद असते. प्रत्येक वेळी जोडणी उघडताना प्राग्मा ही आज्ञा देऊन ती चालू करावी लागते, नाहीतर नसलेल्या भागाचीही हालचाल निमूट नोंदली जाते. आणि टेबल स्ट्रिक्ट केलं नाही तर आकड्याच्या रकान्यात 'दोन' हा शब्दही बसतो. स्ट्रिक्टची सोय ३.३७ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून आहे.

लाईन जाण्याचा विचारही तुम्ही आधीच केलात. १४ ओळींचं बिल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चढतं. नवव्या ओळीला लाईन गेली तर पूर्ण बिल पुन्हा भरायचं, अर्धवट काही उरत नाही. बॅकअप मात्र उघडी फाइल नुसती कॉपी करून घ्यायचा नाही, नोंद चालू असेल तर प्रत बिघडलेली निघू शकते. बॅकअपचीच आज्ञा द्यायची, आणि दोन पेनड्राइव्ह आलटून पालटून.

किमान साठा भागापुढे एकदाच न लिहिता महिन्यावार ठेवलात, यातून तुम्हाला इथली शेती ठाऊक असल्याचं दिसलं. बी-५२ पट्टा सोयाबीनच्या मळणीला, ऑक्टोबरात लागतो. पंपाचं मेकॅनिकल सील रब्बीच्या ओलिताला, थंडीत. दिवसाचा खप गुणिले नागपूरहून माल यायला लागणारे दिवस, वर थोडी जादा, असा हिशेब. वर्षभर एकच आकडा ठेवला असता तर उन्हाळ्यात पैसा रॅकवर पडून राहिला असता आणि मळणीत पट्टे कमी पडले असते.

एका भागाला एकच खण, हे आमच्या आकाराच्या दुकानाला पुरतं. पुढे वावरावर नेण्याची पेटी वेगळी मोजायची ठरली तर जागेचा रकाना 'भाग' मधून उचलून 'हालचाल' मध्ये न्यावा लागेल. तुम्ही ते समासात लिहून ठेवलंत, तो कागद जपून आहे.

वाइंडिंगची तांब्याची तार ग्रॅममध्ये ठेवली आहे. काम करण्याआधी आणि नंतर रीळ तोलतो, फरक तेवढा जावक. रिकाम्या रिळाचं वजन आपोआप कटतं. मोजणीत मात्र ते वजा करावं लागतं, आणि रिळं निरनिराळ्या वजनांची आहेत. त्यासाठी रिळांचं वेगळं टेबल लागेल असं वाटतं, प्रत्येक रिळाला क्रमांक आणि रिकामं वजन देऊन. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मळणीआधीची मोजणी आहे. तेव्हा जमलं तर या, तराजू आणि रिळं काढून ठेवतो.

आपले,
वर्कशॉपमधले सर्व जण